खाऱ्या पाण्यातलं पावणं

ऊस तुटला की आमच्याकडं दिशा मोकळ्या होतात. वर्षभर घराच्या तिन्ही बाजूंना उभी असलेली हिरवी भिंत बघता बघता आडवी होते, आणि ओट्यावर उभं राहिलं की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या अँटेना थेट दिसायला लागतात. आभाळाकडं तोंड करून बसलेल्या, सगळ्या मिळून एकाच बाजूला हळूहळू वळणाऱ्या. पाहुण्यांना हे दृश्य फार आवडतं, फोटो काढतात. मला हा मोकळेपणा सोसत नाही. उसात जे राहत असतं, त्यालाही याच दिवसांत घर सोडावं लागतं.

परवा सकाळी तोडणीची टोळी आमच्या शेजारच्या रानात उतरली. मी शाळेला निघाले होते. कोयत्यांचा आवाज सुरू झाला, ट्रॅक्टरवरच्या गाण्यानं सगळं शिवार भरून गेलं, आणि मी सहज मागं वळून पाहिलं. बबनराव बाहेरच्या खोलीत, भिंतीकडेच्या रिकाम्या काचेच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. तो आवाज त्यांनीही ऐकला. ते उठले, खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसले. टाकीत काही नाही. तळाला थोडी रेती आहे, काचेवर मिठाचे पांढरे ओघळ आहेत, आणि तरीही माणूस तिच्यापुढं अशा बेतानं बसतो की आत कुणाची झोपमोड होईल.

बबनराव म्हणजे माझे यजमान. गाव त्यांना बबनभाऊ म्हणतं, मी 'अहो' म्हणते, आणि लिहिताना बबनराव लिहिते. 'अहो'ला प्रथमा-द्वितीया लावायच्या कशा, हे मराठीची शिक्षिका असूनही मला आजवर जमलेलं नाही. उंच, रुंद, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला फोन करायची गरज पडू नये. या माणसाला मी सगळं आयुष्य उसातून, कांद्यातून, रात्रीबेरात्री पाण्याच्या मोटारीवरून निर्धास्त येताना पाहिलं होतं.

गेल्या वर्षीचा हाच हंगाम. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. संध्याकाळी लाइट आली म्हणून ते उसाला पाणी द्यायला गेले. गळ्याभोवती लोकरी मफलरचे दोन वेढे होते. त्या मफलरवरून मी त्यांना नेहमी चिडवायचे, थंडी अजून घाटाच्या पलीकडं आहे आणि तुम्ही आत्तापासूनच गुंडाळून घेतलंत. ते पाटाचं दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला, वाकले. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, बुटकं जनावर वाटतं, असं वनखात्याची माणसं सांगतात. मागून झडप आली. दात लोकरीत अडकले, पंजा खांद्यात उतरला. त्यांनी जो आवाज काढला, तो मी चुलीपाशी ऐकला, आणि ओळखला नाही. तो माझ्या नवऱ्याचा आवाज आहे हे मला कळलंच नाही, इतका तो बारीक होता. शेजारच्या रानातली माणसं बॅटऱ्या घेऊन, पत्रे वाजवत धावली, म्हणून ते वाचले.

खांदा शिवला, इंजेक्शनं झाली, जखम भरली. बकरी बांधून पिंजरा लावला, त्यात एक बिबट्या सापडला. तोच होता की दुसरा, कुणास ठाऊक. आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात, आणि वाघाच्या तोंडातून परत आलेला माणूस म्हणजे गावाला सणच. दत्तजयंतीच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनानंतर बबनरावांचा सत्कार झाला. शाल दिली, श्रीफळ दिलं. वेशीवर फ्लेक्स लागला. त्यावर एका बाजूला बबनराव आणि दुसऱ्या बाजूला कुठून तरी उचललेला, जबडा उघडलेला पट्टेरी वाघ. खाली लिहिलं होतं, 'आमचा ढाण्या वाघ'. शाल खांद्यावर घेऊन ते उभे होते तेव्हा मी बायकांच्या बाजूनं त्यांचा हात पाहत होते. नारळ सगळ्या बोटांनी आवळून धरला होता, कुणी हिसकावून नेईल असा. लोक टाळ्या वाजवत होते. एकदा शूर म्हणून शाल घेतली की मग माणसानं कुणाला सांगायचं, की मला भीती वाटते म्हणून?

त्यांनी सांगितलं नाही. फक्त ते बाहेर पडेनासे झाले. आधी संध्याकाळचं, मग दुपारचं, मग सकाळचंही. ओट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली आणि कडी तीनतीनदा तपासायला लागले. पाणी द्यायची वेळ आली की त्यांचं डोकं दुखायचं. मी शाळेतून आले की साडी खोचून मोटारीवर जायची, आणि ते जाळीच्या आत उभं राहून मला मोठ्यानं हाका मारत राहायचे. मी ओ देत राहायची. असं ओ देत देत उसाला पाणी दिलंय मी. हसू येतं आता, पण तेव्हा हसले नाही.

त्यात लोक यायचे. "भाऊ, सांगा ना कसं झालं." कुणाचा पाहुणा, कुणाचा जावई, मंचरहून आलेला कुणी औषधवाला. बबनराव सांगायचे. तेच शब्द, त्याच क्रमानं. सांगताना छाती भरून यायची, डोळे मोठे व्हायचे, मानेवरून घाम सुटायचा. ऐकणारे खूश होऊन चहा पिऊन जायचे. ते गेल्यावर बबनराव उठून कडी पुन्हा पुन्हा ओढून पाहायचे, ते फक्त मी पाहायचे.

अशा दिवसांत आमच्या घरी तो मासा आला.

आमचा मुलगा अनिकेत पुण्यात नोकरीला. त्याला परदेशी कामावर जायचं होतं, खोली सोडायची होती, आणि त्या खोलीत त्यानं हौसेनं समुद्र भरून ठेवला होता. आमच्या दिवाणाएवढी लांब टाकी, आत खडक, आणि त्यात वीतभर लांबीचा एक मासा. अंगावर काळे ठिपके, चौकोनी डोकं, कायम काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे मोठे डोळे, आणि पाठीवर चपट्या बसलेल्या काट्यांच्या ओळी. घाबरला की पाणी पिऊन चेंडूएवढा फुगतो आणि काटे उभे राहतात. शाळेतल्या माझ्या मालवणच्या मैत्रिणीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "अगो, हो तर केंड. आमच्याकडे जाळ्यात इलो की फेकून देतत." गावानं त्याला पाण्यातली सायाळ ठरवलं. अनिकेत टेम्पोतून टाकी, मिठाच्या गोण्या, पंप, दिवे असा सगळा संसार घेऊन आला आणि बापाला म्हणाला, "आप्पा, थोडे दिवस सांभाळा. कुणी घेणारं मिळालं की देऊन टाकू."

"मासा सांभाळायचा?" बबनराव म्हणाले. "खायाचा सोडून?"

पहिले काही दिवस ते त्याच्याकडं पाहतही नव्हते. माझीच चिडचिड व्हायची. त्याच्या पाण्याला हीटर आणि मी सकाळी गार पाण्यानं भांडी घासतेय. घरात मार्गशीर्षातले गुरुवार, आणि त्याला ताटात कोळंबी. मग एका दुपारी ट्रॅक्टर आमच्या अंगणात वळला, काचेवरून त्याची सावली सरकली, आणि मासा फुगला. बबनराव समोरच बसले होते. मी आतून धावत आले. तो गोळा होऊन पाण्यात वाकडातिकडा हेलकावत होता, काटे ताठ, इवलेसे पर उगाच फडफडत होते, डोळे तेवढे आमच्याकडं. मी टाकीवर टकटक करणार, तेवढ्यात बबनरावांनी माझा हात धरला.

त्यांनी अनिकेतला फोन लावला. तो म्हणाला, हात लावू नका. दिवा बंद करा, लांब उभे राहा, आपोआप उतरेल. त्यांनी दिवा बंद केला. भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले, आणि मीही. अर्धवट अंधारात हळूहळू त्याचे काटे निजले, पाणी सुटलं, तो पुन्हा सडपातळ झाला आणि खडकाआड जाऊन बसला. बबनरावांनी मोठा श्वास सोडला. तोवर आपणही श्वास रोखून धरला होता, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. टाकीकडं वाकून ते म्हणाले, "काय पावणं, भ्यालात व्हय?"

त्या दिवसापासून त्याचं नाव पावणं.

मग टाकीचं सगळं त्यांनी अंगावर घेतलं. रोज सकाळी काचेची नळी बुडवून खारेपणा मोजायचा. अनिकेतनं एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, की टाकीतलं पाणी कमी झालं की वर गोडं पाणी घालायचं, मीठ घालायचं नाही. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, ते आतच राहतं. मी हे ऐकलं आणि दिवसभर विसरू शकले नाही. घरात वरून सगळं कमी होत होतं, बोलणं, जेवण, हसणं. आणि खाली जे होतं ते तेवढंच होतं, उलट दाट होत चाललं होतं.

आमच्या घरात पाणी वाया घालवायची रीत नाही. मोरीचं पाणी परसात जातं, तांदळाचं धुवण गुलाबाला, भांड्यांचं आळवाला. त्याच सवयीनं पहिल्यांदा टाकीचं बदललेलं पाणी मोरीतून परसात गेलं आणि आठवड्यात कढीपत्त्याचं जुनं झाड काळं पडून उभं वाळलं. बबनराव त्या झाडापाशी बराच वेळ बसले. खारवटलेल्या जमिनी त्यांनी पाहिल्या होत्या. समुद्राचं पाणी काळ्या मातीत ओतणं त्यांच्यातल्या शेतकऱ्याला शिवीसारखं लागलं. पुढच्या वेळी त्यांनी बादल्या भरल्या, जाळीचं दार उघडलं आणि अंगण ओलांडून, बांधापलीकडं रस्त्याकडेला मुरमाचा ढीग आहे, तिथवर एकेक बादली नेऊन रिकामी केली. मी खिडकीतून पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं नसावं की आपण अंगणाबाहेर आलोय. मी लक्षात आणून दिलं नाही.

आणि मग खेकडे. या माशाचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात, आणि ते सारखे वाढत राहतात. कठीण काही चावायला मिळालं नाही तर तोंड मिटत जातं आणि तो उपाशी मरतो. अनिकेत म्हणाला, कवचासकट काहीतरी द्या. मंचरच्या बाजारात सोललेलीच कोळंबी मिळायची. बबनराव विचारात पडले. संध्याकाळी म्हणाले, "वढ्याला खेकडं हायेत."

ओढा आमच्या उसाच्या पलीकडं आहे. मधली पायवाट उसातून जाते, जिथं ते वाकले होते त्या दाऱ्यावरून. मी म्हटलं, "मी आणते उद्या."

"तुला धरता येत्यात का?" ते म्हणाले. "नांगी लागली म्हंजे फळा कशानी पुसशील?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते मफलर न घेता निघाले, कारण तो मफलर आता घरात कुणी काढत नाही. हातात काठी, कमरेला पिशवी. मी मागं मागं गेले नाही. जाळीच्या आत उभं राहून हाका मारायची पाळी आता माझी होती. मी मारली, आणि उसाच्या आतून त्यांनी ओ दिली. तो त्यांचा नेहमीचा, ओढ्यापलीकडं पोचणारा आवाज होता. मी तिथंच मटकन खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले. सांगायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

ते परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि पिशवीत लहान लहान खेकडे खरखरत होते. त्यातला एक टाकीत सोडला. पावण्यानं आधी एक डोळा लावून पाहिलं, मग दुसरा, आणि मग कडाड्कन तोंड मारलं. काचेबाहेर आवाज आला. बबनराव लहान मुलासारखे हसले. "आरं वा रं पठ्ठ्या! पानी खारं पण तोंडाला चव हाय."

तो सगळा पौष-माघ मला असा आठवतो. सकाळच्या धुक्यात पाचटाचा ओला वास, लांबून येणारी ट्रॅक्टरची गाणी, कधीतरी कुणाच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडल्याची बातमी, आणि या सगळ्यात ओढ्याकडं जाणारी एका माणसाची वाट. ते पुन्हा मोटारीवर गेले असं नाही. उसाचं पाणी मीच पाहत होते. पण ते जात होते, येत होते. आले की टाकीसमोर बसून त्याला हकिकत सांगायचे, पाणी किती आटलं, कुणाचा ऊस गेला. पावणं काचेला तोंड लावून ऐकायचं. मासा ऐकतो का, माहीत नाही. पण टाकीतून तोंड वर काढून तो त्यांच्यावर पाण्याची चूळ टाकायचा, माझ्यावर कधी टाकली नाही.

लोक अजून येत होते. आता वाघाबरोबर मासाही पाहायला यायचे. "फुगवा की राव त्याला!" बबनराव नाही म्हणायचे. गोष्ट सांगा म्हटलं की सांगायचे, पण मासा फुगवा म्हटलं की ठाम नकार. "त्याला तरास व्हतो." मला एकदा वाटलं, विचारावं, अहो, मग तुम्हाला नाही होत? तेही तुम्हाला फुगवूनच जातात की. विचारलं नाही. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

फाल्गुनात गावची यात्रा. ऊस संपलेला, रानं उघडी पडलेली, घराघरांत पाहुणे. वन्सं आल्या आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळं घर दाजी म्हणतं. दाजी माणूस वाईट नाही. मोठ्यानं बोलतात, मोठ्यानं हसतात, येताना सगळ्यांना खाऊ आणतात. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्यांनी ताटावरून उठायच्या आधी कुणी उठत नाही, त्यांनी मागितलं ते नाही म्हणत नाहीत.

जेवणं झाली. दाजी टाकीसमोर उभे राहिले, हातात मोबाइल. "बबनराव, लई ऐकलंय याच्याबद्दल. फुगवा बरं एकदा."

"नगं दाजी. घाबरतोय त्यो."

"आता माशाला कसली भीती, राव? पान्यातच तर हाय!"

सगळे हसले. बबनरावही हसले, आणि अंगणात आखाड्याला जाणारी माणसं हाका मारत होती म्हणून बाहेर गेले. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. ओरडा ऐकू आला, टाळ्या ऐकू आल्या. धावत आले तर दाजींनी भाजी धुवायच्या जाळीच्या टोपलीनं पावण्याला टाकीबाहेर उचललं होतं. तो हवेत, टोपलीत, फुगत होता. डोळे बाहेर आलेले, काटे टोपलीच्या भोकांतून आरपार. दाजी एका हातानं टोपली आणि एका हातानं मोबाइल धरून होते. "बघा, बघा! कसा झालाय बघा!"

अनिकेतनं सांगितलेलं आम्हा दोघांना पाठ होतं. जाळीत धरायचं नाही, आणि पाण्याबाहेर तर कधीच काढायचं नाही. पाणी पिऊन फुगला तर ते पाणी तो सोडून देतो. हवा गिळली तर ती त्याला टाकता येत नाही. आत राहून जाते.

बबनराव दारात उभे होते. कधी आले, मला दिसलं नाही. ते पुढं झाले, दाजींच्या हातातून टोपली घेतली आणि पाण्यात उतरवली. एकेक काटा भोकातून सोडवला. पावणं सुटलं आणि थेट वर आलं. पोट आभाळाकडं करून, पाण्यावर चेंडूसारखं तरंगायला लागलं. खाली जायला पर मारत होतं, आणि जाता येत नव्हतं.

"व्हईल बरा," दाजी म्हणाले. "जरा दम खाऊ द्या त्याला."

बबनरावांनी दाजींकडं पाहिलं. बहिणीचा नवरा. यात्रेचा दिवस. ते वन्संकडं पाहून म्हणाले, "दाजींना पान दे." मग सदरा काढला आणि खांद्यापर्यंत हात टाकीत घातला. तोच खांदा, ज्यावर पंजाच्या चार रेघा आहेत. खारं पाणी त्या रेघांपर्यंत चढलं. मासा त्यांनी ओंजळीत उभा धरला, डोकं वर, शेपूट खाली, तोंड पाण्याच्या आत. अशानं कधीकधी हवा निघते. निघाली नाही. पाहुणे आखाड्याला गेले, परत आले, चहा पिऊन आपापल्या वाटेला लागले, वन्सं डोळे पुसत निरोप घेऊन गेल्या, आणि ते तसेच उभे होते. तोंड काचेजवळ नेऊन पुटपुटत होते, "सोड. सोड की रं. गेला आता त्यो. कुनी न्हाई. सोड."

ते कुणाला सांगत होते, हे मला तेव्हाही नीट कळलं नाही.

पावणं पुढं काही दिवस तरंगत राहिलं आणि मग एका सकाळी हललं नाही. बबनरावांनी मला सांगितलं, "तू पुरून ये." मी मुरमाच्या ढिगाशी, जिथं त्याचं पाणी ओतायचो तिथं खड्डा केला. तिथं तसंही गवत उगवायचं बंद झालेलं होतं. मागं वळून पाहिलं तर बबनराव जाळीच्या आत उभे होते, कडीवर हात ठेवून. ओढ्याची वाट त्या दिवसापासून मोडली. खेकडे आता कुणासाठी आणायचे?

यंदा आम्ही घराजवळ ऊस लावला नाही, पण ओढ्याकडचं रान भागीदारीचं, तिथं आहेच. त्याला पाणी मी देते. गावात आता खिळ्यांचे पट्टे निघालेत. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात पूर्वीपासून असायचे, ते आता माणसांनी घातलेत. जाड रेक्झिनचा पट्टा, त्यातून बाहेर आलेले खिळे, वाघ मानेला धरतो म्हणून. खुरपायला जाणाऱ्या बायका, डेअरीला दूध घालणारी माणसं, सगळ्यांच्या गळ्यात काटे. पहिल्यांदा घालून आरशात पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं आणि लगेच विरलंही. पट्टा घातला की मान वळवता येत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. पावणंही असंच वळायचं.

गेल्या आठवड्यातली एक संध्याकाळ सांगायची आहे. त्यानंतर ते पुन्हा बाहेर पडलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशा धरून बसू नये. परवा खिडकी लावणारे बबनराव, तेच खरे.

त्या दिवशी लाइट उशिरा आली. मी पट्टा बांधून, बॅटरी घेऊन गेले. वाघाला माणसाची चाहूल लागावी म्हणून रोज घेते तो रेडिओ घरी राहिला आणि मोबाइलही. मोटार दोनदा बंद पडली, दारी फिरवता फिरवता दिवस मावळला. घरून हाका आल्या असतील, मोटारीच्या आवाजात मला ऐकू आल्या नाहीत. मी ओ दिली नाही. परत निघाले तेव्हा वाटेवर दोन्ही बाजूंनी ऊस सळसळत होता. वळणावर आले आणि बॅटरीच्या उजेडात कुणीतरी उभं दिसलं.

बबनराव. अनवाणी. हातात काठी नाही, गळ्यात पट्टा नाही. गेल्या वर्षी जिथं वाकले होते बरोबर त्या दाऱ्यापाशी, वाटेच्या मध्ये. माझ्यासाठी इथवर धावत आले होते आणि इथं येऊन त्यांचे पाय थिजले होते. छाती भरून आलेली, खांदे वर चढलेले, डोळे एवढे मोठे की उजेडात पांढरे दिसत होते. मला पाहूनही त्यांना हलता येत नव्हतं. तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता.

धावत जाऊन त्यांना मिठी मारावी असं इतकं वाटलं, की पाय उचललाही गेला. मग मी तो खाली ठेवला. बॅटरी विझवली. होते तिथंच उभी राहिले.

अंधारात फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, वरवरचा, अडकलेला. पाठीमागं ऊस वाजत होता. माझ्या मानेवर खिळे होते आणि त्यांची मान उघडी होती, आणि मी बोलले नाही, पुढं झाले नाही. दोघांपैकी कुणाच्या मागं काय उभं असेल, याचा विचार करायचा नाही असं ठरवून मी वाट पाहत राहिले. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग तो श्वास एकदा लांबला. पुन्हा एकदा. खांदे खाली आल्याचं मला दिसलं नाही, पण कळलं. सदऱ्याची सळसळ झाली, पाय हलले, आणि ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा हात चाचपडत माझ्या गळ्याशी आला आणि खिळ्यांवर थांबला.

"काढ त्यो," ते म्हणाले. "घर आलं आता."

घर अजून बरंच लांब होतं. मी पट्टा काढला.